पाठीवरची माती

परवा फुलबाजारात एकाने मला गाठलं. झेंडूच्या क्रेटवरून वाकून म्हणाला, "फ्रीस्टाइलमधला तो मुखवटेवाला तुम्हीच ना? कायम पडायचे ते?" शेजारचे दोघे फिदीफिदी हसले. मी म्हणालो, "हो, मीच. सहा वर्षं पडलो. पण एकदा नाही पडलो. तेव्हा दिंडोरीला होतास का?" नव्हता. मग कशाला तोंड उघडायचं! झेंडू घे आणि चालता हो.

आमचं घर मखमलाबादच्या बाजूला, फुलं आणि भाजीपाला पिकवणारं. वडिलांनी मला लहानपणीच पंचवटीतल्या तालमीत घातलं. आमचे वस्ताद अंगाने किरकोळ, पण आवाज असा की तालमीतल्या मातीच्या हौदाच्या या टोकाला ओरडले तर त्या टोकाचा पैलवान बैठका पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचा. त्यांच्या तालमीत एक नेम होता. मैदानात चीत होऊन आलेल्या पैलवानाने पाठीवरची माती स्वतः झटकायची नाही. तसंच तालमीत यायचं, वस्तादांसमोर उभं राहायचं. काय चुकलं ते ते सांगायचे, शिव्या घालायचे, आणि मग स्वतःच्या हाताने पाठ झटकायचे. त्यानंतर आंघोळ. घोटीच्या जत्रेत मी एकदा सपशेल आपटलो, तर नाशिकपर्यंत एसटीत पुढे वाकून बसलो होतो, सीटला घासून माती निघू नये म्हणून. बाजूच्या बाईंना वाटलं माझं पोट दुखतंय, त्यांनी पर्समधून ओवा काढून दिला. मी तो खाल्लाही.

विशी ओलांडली तेव्हा दिंडोरी, घोटी, पेठ, सगळीकडच्या मैदानांत माझं नाव पुकारलं जायचं. पण त्याच सुमाराला घरोघरी केबल आली. पोरं परदेशी पैलवानांची पत्त्यांसारखी कार्डं खिशात घेऊन फिरायला लागली आणि आमची मातीतली कुस्ती त्यांना आजोबांची करमणूक वाटायला लागली. इंदिरानगरमधल्या एका केबलवाल्याने हे बरोबर हेरलं. त्याने एक रिंग बनवली, टेम्पो घेतला, आठ पैलवान गोळा केले आणि फ्रीस्टाइल कुस्तीची कंपनी काढली. मला म्हणाला, "तुला स्टार करतो." मला ते खरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला स्टार व्हायचंच होतं.

वस्तादांच्या कानावर कुठूनतरी त्या कंपनीची गोष्ट गेली होती. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "नाटकात काम करा, माझी ना नाय. पण तिथं ठरवून पडायचं आन् त्याला कुस्ती म्हणायचं, हे आपल्या तालमीत चालणार नाय." मी खाली मान घालून ऐकलं. आठवड्याभराने सांगितलं, नोकरी लागली, आता तालमीत येणं जमणार नाही. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. केबलवाल्या मालकाला मी एकच अट घातली, मला मुखवटा पाहिजे. तो खूश झाला. केबलवर तसले मुखवटेवाले चालतच होते.

मग सुरू झालं पडणं. दर शोच्या आधी मालक यादी वाचायचा. कोण कोणाशी, किती मिनिटं, कोण पडणार. माझ्या नावापुढे सहा वर्षांत काही बदललं नाही. पाडणारा ठरलेला, मालकाचा सख्खा भाचा. जिममध्ये बनवलेलं शरीर, केस सोनेरी रंगवलेले, आणि कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही. तो मला खांद्यावर उचलून आपटायचा तेव्हा लोक शिट्ट्या मारायचे. अरे, तो कसला उचलतोय! उडी मी मारायचो. त्याच्या खांद्यावर जाऊन तोल मी सांभाळायचो, आपटताना त्याची मान मुरगळू नये म्हणून हात मी टेकवायचो. त्याच्या प्रत्येक विजयात निम्म्याहून जास्त मेहनत माझी होती.

कंपनीत राजकारण कसलं असणार, असं तुम्हाला वाटेल. टेम्पोत बघायला हवं होतं. जिंकणारे पुढे केबिनमध्ये, ड्रायव्हरशेजारी. पडणारे मागे, रिंगच्या फळ्या आणि गाद्यांवर. पोस्टरवर भाच्याचं तोंड माझ्या डोक्याच्या चौपट. एकाने एकदा यादीवरून तोंड उघडलं, तर पुढच्या तीन गावांत त्याला गर्दी सांभाळायला उभं केलं. मग बाकीचे मूग गिळून बसले, आणि त्यांत मीही होतो. मी विचारायला गेलो की मालक गोड हसायचा. "तुझ्यासारखं पडायला कोणाला येत नाही रे. बाकीचे पडले की खोटं वाटतं. पुढच्या सीझनला तुला जिंकवतो." दरवर्षी तेच गाजर. आणि मी दरवर्षी खायचो.

मनाला मात्र एक समजावलं होतं. रिंगमध्ये कॅनव्हास असतो, माती नसते. पाठीला माती लागत नाही, म्हणजे मी चीत झालो नाही. हसू नका. सहा वर्षं मी याच एका गोष्टीवर झोपलोय.

दिंडोरीच्या जत्रेतला शो संध्याकाळी पाचचा होता. कपडे बदलायला आम्हाला शाळेतला एक वर्ग दिला होता. मालकाने यादी वाचली आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "आज मुखवटा निघणार. पाडल्यावर भाचा तुझा मुखवटा ओढून काढेल. मग मी माइकवर सांगणार, हा पंचवटीच्या अमुक तालमीचा नावाजलेला पैलवान." यादी बाकावर ठेवत तो पुढे म्हणाला, "आणि प्रमुख पाहुणे कोण, माहितीये? तुझे वस्ताद. शाल, नारळ घेऊन मी स्वतः गेलो होतो आमंत्रणाला. जत्रेतल्या कुस्त्या आहेत, एवढंच सांगितलं. तू इथे आहेस हे त्यांना माहीत नाही."

भाचा बाकावर बसून द्राक्षं खात होता. म्हणाला, "मामा, तालमीचं नाव दोनदा घ्या. मजा येईल."

म्हणजे हे होतं तर. लोक भाच्याला नकली म्हणायला लागले होते. मालकाला त्याच्या हातून खऱ्या तालमीचा पैलवान पाडलेला दाखवायचा होता, आणि तोही त्या तालमीच्या वस्तादांसमोर. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणालो, "मुखवट्यात पाहिजे तितक्या वेळा पडतो. उघड्या तोंडाने, वस्तादांसमोर, तालमीच्या नावाने पडणार नाही."

"तीन आकडे मोजेपर्यंत पाठ टेकवायची. त्यात काय मरणंय?" मालक म्हणाला. "नाहीतर पुढचा सीझन विसर."

खिडकीतून मैदान दिसत होतं. पहिल्या रांगेत वस्ताद बसले होते, फेटा बांधून, मांडीवर नारळ धरून. पळून जावंसं वाटलं, खरंच वाटलं. पण पळालो असतो तरी मालकाने माइकवर नाव घेतलंच असतं. मग पडणारा पैलवान पळपुटाही ठरला असता.

माझं गाणं वाजलं, मी रिंगमध्ये गेलो. घंटा व्हायच्या आधीच मुखवटा काढला. लोकांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दोरांखालून उतरलो, वस्तादांसमोर गेलो आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. कुस्तीआधी वस्ताद समोर असले तर ते करावंच लागतं. नेहमी ते पाठीवर थाप मारून "जा" म्हणायचे. त्या दिवशी ना थाप, ना शब्द. मी तसाच वर गेलो.

भाच्याने धावत येऊन मला धक्का दिला. दरवेळी मी चार पावलं मागे जाऊन दोरांवर आदळायचो. या वेळी पाय रोवून उभा राहिलो. त्याने पुन्हा धक्का दिला. मी तिथेच. मग त्याने मला खांद्यावर घ्यायला कमरेत हात घातला आणि थांबला, मी उडी मारायची वाट बघत. कानात म्हणाला, "पड ना यार! काय करतोय?"

"पाडून दाखव," मी म्हणालो.

त्याने पायात पाय घातला, मान दाबली, लटकला, ओढलं. घाम गाळून गाळून त्याच्या केसांचा रंग कपाळावर उतरला. खाली मालक "टाइम, टाइम" ओरडत होता. गर्दीतला एक म्हातारा उभा राहून ओरडला, "आरं, हालंना गडी!" आणि मग सगळं मैदान हसायला लागलं. ढाकेचा एक डाव टाकला असता तर भाचा आडवा झाला असता. हात शिवशिवत होते. पण त्याची माझी जोड नव्हती, आणि त्याला पाडलं असतं तर त्या तमाशाला मीच कुस्ती म्हटल्यासारखं झालं असतं. मी फक्त उभा राहिलो. माझी पाठ टेकली नाही.

शेवटी मालकाने घंटा बडवली. पैलवानाने नियम मोडला म्हणून भाचा विजयी, असं जाहीर केलं. म्हणजे कागदावर मी तीही कुस्ती हरलोच. हरलो तर हरलो! वर्गात येऊन मी मुखवटा मालकाच्या यादीवर ठेवला आणि म्हणालो, "पुढच्या सीझनला हा तुझ्या भाच्याला घाल, तेवढंच तोंड झाकेल." तो काय काय बरळत होता, मी ऐकलं नाही.

शर्ट घालत होतो तेवढ्यात वस्ताद दारात आले. शाल, नारळ तिकडेच टाकून आले होते. जवळ येऊन त्यांनी माझ्या कानाखाली अशी काही वाजवली की फळ्यासमोर उभे असलेले बाकीचे पैलवान गुपचूप बाहेर गेले.

"किती वर्सं?" त्यांनी विचारलं.

"सहा."

"फीर तिकडं."

मी पाठ करून उभा राहिलो. आता दुसरी बसणार म्हणून डोळे मिटले. तर पाठीवर हात आला. खांद्यापासून कमरेपर्यंत, एकदा, दोनदा, जोरात. मला रडू फुटलं. म्हणालो, "वस्ताद, आज पाठ टेकली नाही. माती नाहीये पाठीला."

"हाय," ते म्हणाले. "सहा वर्सांची हाय. गप उभा ऱ्हा." आणि झटकत राहिले.