दगडाआत्याची हिरवी वाकळ

शिरूर कासारमध्ये सध्या फिरणारी बातमी अशी: दगडाआत्यानं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मिलिटरी घुसवली. हिरव्या कपड्यातले जवान फरशीवर पसरले, मॅनेजरला वेढा पडला, आणि तो हात जोडून म्हणाला, "बाई, ऑपरेशन करतो, पण बंदुका बाहेर न्या." स्टँडवरच्या चहावाल्या प्रवीणच्या तोंडून ऐकाल तर त्यात हेलिकॉप्टरही येतं.

मी तिथं होते. हेलिकॉप्टर नव्हतं. जवानही नव्हते. हिरवे कपडे मात्र होते आणि ते फरशीवर पसरलेही होते. फक्त त्यांच्यात माणसं नव्हती.

दगडाआत्या म्हणजे माझ्या वडलांची चुलतबहीण, फौजेतून रिटायर झालेल्या हवालदार शहादेव मामांची बायको. तिचं बोलणं म्हणजे खुंटी ठोकणं. एक वाक्य, एक ठोका. मग थांबून बघते, बसली का नीट.

तर झालं असं, की शेळी सोडायला गेलेले मामा घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं पायाला वजन बांधलं आणि स्पष्ट सांगितलं, "ऑपरेशन लवकर करा. उशीर झाला तर हे परत उभे राहणार नाहीत." ज्या माणसानं बर्फात उभं राहून उमर काढली, तो आता घरी खाटेवर पडून छपराचे पत्रे मोजत होता.

सल्ले द्यायला सगळी आळी जमली. गेवराईहून विजयसिंह आला. तो विम्याच्या पॉलिस्या विकतो, आणि त्याच्या आवाजातून पाक गळतो. "आत्याऽऽ, मी मागंच म्हन्लो होतो ना, पॉलिसी घ्या म्हनून? आता मोडलेल्या खुब्याला ती चालत न्हाई. पन घेऊन ठेवा, पुढच्या वेळंला कामाला येईल."

"म्हंजे तुपल्या पॉलिसीसाठी यांनी परत पडावं?"

विजयसिंहनं पाणी मागितलं.

माझे वडील म्हणाले, "अक्का, रेशन कार्डावरची योजना हाय की. तिच्यात बसवू."

"ती ज्याला दुसरं काई न्हाई त्याच्यासाठी. आमचं मिलिटरीचं कार्ड हाय. पेन्शन बसताना त्याच्यासाठी कापून घेतलंय. मपलं ताट वाढल्यालं असताना मी कावून दुसऱ्याच्या पंगतीत बसू?"

बोलणं झोकात झालं. पण आमच्याकडं मिलिटरीचं कार्ड म्हणजे कँटीनचं कार्ड. त्यावर आळीभराचा साबण येतो, लग्नातले कुकर येतात, आणि वरातीसाठी जे लागतं तेही येतं. आत्यानं माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये तेच कार्ड ऐटीत टेबलावर आपटलं. समोर मिशीवाले रिटायर सुभेदार बसले होते. त्यांनी कार्ड उलटंपालटं केलं. "माताजी, इसपे साबुन मिलता है. हड्डी नहीं."

सगळी रांग हसली. सगळ्यात शेवटी आत्याही हसली. मग उठली, एसटीनं घरी गेली, पत्र्याच्या पेटीतून दुसरं, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं कार्ड काढलं आणि परत आली. या वेळेला सुभेदारांनी मान डोलावली, डॉक्टरनं चिठ्ठी दिली, आणि चिठ्ठीवर योजनेच्या यादीतल्या शहरातल्या दवाखान्याचं नाव पडलं. "माताजी, बिल वो हमको भेजेंगे. आप एक पैसा मत देना."

दवाखाना चकचकीत होता. मामा दारात, गाडीत आडवे. काउंटरवरची मुलगी आधी हसली, चिठ्ठी बघितल्यावर तिचं हसू आत गेलं. "कार्डाचे बेड फुल आहेत, आजी. कॅश असेल तर लगेच घेतो."

मी आत्याच्या कानात म्हणाले, "आत्या, हे लोक काय ऐकायचे न्हाईत. भर पैसे आन हो मोकळी."

"लाव पैज."

"लावली. हरलीस तर मी साऱ्या आळीसमोर तुजी नक्कल करनार, आन तू म्होरं बसून बघायची." तोवर तिची नक्कल मी तिच्या पाठीमागंच करत होते.

"आन तू हरलीस तर काय, ते मंग सांगते," म्हणून आत्यानं बोचकं सोडलं.

दवाखान्यात मुक्काम पडणार म्हणून तिनं अर्धवट शिवलेली वाकळ, म्हणजे गोधडी, सोबत घेतली होती. वरचं कापड मामांच्या जुन्या वर्दीचं, हिरवंगार. ती तिनं काउंटर आणि लिफ्टच्या बरोबर मधे अंथरली, वर बसली आणि सुईत दोरा ओवला.

आमच्याकडची रीत अशी, की पसरलेल्या वाकळीपाशी आलेली बाई चार टाके घातल्याशिवाय पुढं जात नाही. आणि टाक्यांची धाव कोपऱ्याला पोचल्याशिवाय वाकळ उचलत नाहीत. बाकड्यावर बसलेल्या पाटोद्याच्या भिवराबाई जागेवरून उठल्या, कापड चिमटीत धरून म्हणाल्या, "कुनाची वर्दी?" त्यांचा मुलगा फौजेत. त्यांनी एक कोपरा धरला. मंजुळाबाईंनी दुसरा. त्या दिराला घेऊन आल्या होत्या, तोही रिटायर फौजी.

"तुमालाबी फुल म्हन्ले का वो?" आत्यानं विचारलं.

मंजुळाबाईंचा आवाज लाऊडस्पीकरला लाजवणारा. "कवाच! मपला दीर कालपून बाकड्यावर! आन तो रस्त्याची कंत्राटं घेनारा गुत्तेदार सकाळी आला, पैसे टाकले, आता पलंगावर बसून केळं खायलाय!"

सगळ्या रिसेप्शननं केळ्याच्या दिशेनं बघितलं.

टाय लावलेला मॅनेजर आला. "आजी, हे इथे अलाऊड नाही. पेशंट्सना त्रास होतोय."

"पेशंट मपलाबी हाय, बाबा. दारात, गाडीत."

"हे आधी उचला."

"कोपरा आल्याबिगर उचलत न्हाईत."

"किती वेळ लागेल?"

"ते तुज्यावर हाय. पलंग लवकर दिलास तर मोठाले टाके घालते."

मॅनेजरनं सिक्युरिटीला हाक मारली. उंच, पांढऱ्या केसांचा माणूस आला, खाली बघितलं, वाकळीतल्या वर्दीच्या खिशावरची जुनी नावाची पट्टी दिसली, आणि त्यानं बूट काढून बाजूला ठेवले. "साहेब, मीबी फौजेतलाच. वर्दीवर पाय देऊन बाईमानसाला उठवायला सांगू नका."

तेवढ्यात मंजुळाबाईंनी पॉलिक्लिनिकला फोन लावून स्पीकरवर टाकला होता. सुभेदारांची मिशी फोनमधून बाहेर आली. "कौनसा बेड फुल है? मैं आता हूँ गिनने."

ते आलेच नाहीत. यावं लागलं नाही. कुठून तरी एक बेड निघाला. मामांना आत नेलं, कार्डासाठी मशीनवर अंगठा घेतला, पैसे कुणी मागितले नाहीत. मला वाटलं, संपलं. मी वाकळीचं टोक घडी घालायला उचललं.

"ठिव खाली," आत्या म्हणाली. "कोपरा कुठं आलाय? आजून हिचा दीर बाकड्यावर हाय."

मॅनेजरनं टाय सैल केला. दिरालाही बेड मिळाला. तेव्हाच कोपरा आला. आत्यानं दोरा दातानं तोडला.

मामांचं ऑपरेशन झालं. आता ते वॉकर घेऊन शेळीपर्यंत जातात आणि तिला शिव्या देऊन परत येतात.

पैज मी हरले. परवा आत्यानं आळीला अंगणात बोलावलं, मामांना खुर्चीत बसवलं आणि मला एकदम पुढं. "आता तू बसून बघायचं. त्वांड उघडायचं न्हाई." मग तिनं खांदे पाडले, मान आत ओढली, ओठ चिकटवले आणि माझ्याच बारीक, भित्र्या आवाजात कुजबुजली, "आत्याऽ, हे लोक काय ऐकायचे न्हाईत. भर पैसे आन हो मोकळी."

आळी लोळली. मामा तर वॉकर धरून उभे राहून हसले.

हुबेहूब होतं. मी स्वतः केलं असतं तरी इतकं जमलं नसतं.