केलगेरीच्या काठी पुरलेले कप

सज्जनहो, आमच्या स्वयंपाकघरातील चहाच्या कपांचे पुनश्च निर्वाण झाले आहे. आज सकाळचा चहा मी तांब्याने प्राशन केला.

कप सापडले केलगेरी तळ्याकाठी, कडेपर्यंत मातीत पुरलेले. आमची सौ. गेली कित्येक वर्षं असे कप पुरते आणि त्यांत पडणारे भुंगेरे मोजते. भुंगेरे भरपूर, म्हणजे माती चांगली.

आज फिरायला आलेल्या एक अक्का दुरूनच ओरडल्या, "अय्यो, करणी आहे! हात लावू नका!"

"करणारी मीच हो अक्का. या, बघा तरी," म्हणत हिने काळाभोर भुंगेरा तळहातावर घेतला. थोड्याच वेळात अक्का पदर खोचून पुढचा कप उकरत होत्या. माझी छाती फुगली.

पण खरं सांगतो, यंदा बरेच कप रिकामे निघाले. परतताना ही रिकामे कप पुन्हा पुन्हा मोजत होती. मला आता मातीचीच काळजी वाटते.