रूथबाई आणि हिरव्या बांगड्या

गरोदर बाई दवाखान्यात आली, की रूथबाई नाव विचारायच्या आधी तिचा हात धरायच्या आणि मनगटातल्या बांगड्या कोपराकडे सारायच्या. सरकल्या तर ठीक. अडल्या तर हाताला सूज. मग रक्तदाब मोजायचा, लघवी स्पिरिटच्या दिव्यावर तापवून गढूळ होते का बघायची आणि बाईला नगरला आमच्याकडे पाठवायचं. "बांगडी खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं पालुपद.

देवळाली प्रवराच्या दवाखान्यात त्या नर्स; मी नगरच्या इस्पितळात रक्त तपासणारा. माझ्या काचेच्या नळ्यांवर त्यांचा भारी राग. "भाऊ, तुमचं रक्त खरं सांगतं, पन बाई हातची गेल्यावर," असं तोंडावर म्हणायच्या. मला ते झोंबायचं, कारण बरंचसं खरं होतं.

दुष्काळाच्या वर्षी कौसल्या नावाची पहिलटकरीण त्यांच्याकडे आली. सातवा सरलेला, डोकं सारखं दुखत होतं. रक्तदाबाचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. रूथबाईंनी बांगड्या सारल्या, त्या अलगद सरकल्या. उन्हाचं दुखत असेल म्हणून लघवी न तापवताच त्यांनी पोरीला घरी धाडलं.

चौथ्या दिवशी सकाळी त्याच तिला जीपमध्ये घालून आमच्याकडे घेऊन आल्या. वाटेत दोनदा झटके आले होते. मी रक्त तपासलं. युरिक ॲसिड इतकं चढलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"किती वाईट, भाऊ?"

"लई वाईट, बाई."

बाहेर कौसल्याची आई बसली होती. ती सहज सांगू लागली, "तुमच्या दवाखान्यात आलो त्याच्या आदल्या दिशी डोहाळजेवण केलं, बाई. जुन्या बांगड्या रुतत हुत्या, म्हनून कासारानं मोठ्या मापाच्या भरल्या. आमाला वाटलं, पोरीनं अंग धरलं."

रूथबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दुपारी कौसल्या गेली. बाळ पोटातच गेलं होतं.

ते पालुपद मी पुन्हा कधी ऐकलं नाही. त्यांच्यावर रागवावं असं एकदा मनात आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून धीर झाला नाही.

पुढच्या वर्षी माझ्या बायकोला दिवस गेले. डोहाळजेवणानंतर रूथबाई घरी आल्या. बायकोने कौतुकाने हिरव्या बांगड्यांचा हात पुढे केला. बाईंनी तो धरलाच नाही.

"ह्या ऱ्हाऊ दे. आदीची एखादी ठेवलीय का? आन."

आधीची बांगडी हातात नीट चढेपर्यंत त्यांनी समोरच्या चहाला हात लावला नाही.