डोंग्याची पावती

आमच्याकडून जे काही नेलं गेलं, ते अगदी नियमाने नेलं गेलं. कुरखेड्याच्या बाजूच्या आमच्या गावाला हे भाग्य दोन्हीकडून लाभलं होतं. वर्दीवाले कोंबडी धरायचे आणि वर सांगायचे, "आम्ही फुकट घेत नाही, बिल पाठवा." ते कुठे पाठवायचं, हे कोणी सांगत नसे. जंगलातले दादालोक घरटी पायलीभर तांदूळ गोळा करायचे आणि जाण्याआधी अर्धा तास समजावून सांगायचे, की ते जनतेची सुईसुद्धा विचारल्याशिवाय घेत नाहीत. विचारायचे खरंच. खांद्यावर बंदूक असलेल्या माणसाने विचारल्यावर आमच्या गावात आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

मी तेव्हा नुकतीच बारावी झाले होते. आम्ही ढिवर, मासेमारीवर जगणारे. घरात मला तेवढं वाचता येत असल्यामुळे दोन्ही बाजूंचे कागद माझ्याच हातात यायचे.

त्या पावसाळ्यात हुकूम आला, की नदीकाठचे सगळे डोंगे पोलीस कॅम्पवर जमा करा, म्हणजे दादालोकांना नदी ओलांडता येणार नाही. आमचा डोंगा एका अख्ख्या खोडातून कोरलेला होता, माझ्या आजोबांच्या हातचा. नदीला पूर असला की बाबा तो तलावात घालायचे. डोंगा नसला तर तलावाच्या मध्यात जाळं टाकता येत नाही, आणि काठावर मिळते ती मासोळी घरातल्या मांजरालाही पुरत नाही. तरी बाबांनी डोंगा मुकाट्याने नेऊन दिला. त्यांना पावती मिळाली: "लाकडी डोंगा, एक नग, सुस्थितीत. पावसाळ्यानंतर परत." शिक्का पाहून बाबा इतके खूश झाले, जणू डोंग्याची लॉटरीच लागली.

आठवडाभराने दादालोक आले. बाबांना चावडीसमोर उभं करून विचारलं, "डोंगा पोलिसाले काऊन देला?"

"मांगला जी, देला," बाबा म्हणाले. "तुमी मांगाल तं तुमाले बी देला असता."

हे उत्तर कोणालाच आवडलं नाही. पावती पुरावा म्हणून जप्त झाली. पण दादालोकही नियमाचे पक्के. त्यांनी पावती घेतल्याची पावती दिली, लाल शाईत. ती घरात सापडली असती तर बाबा थेट कोठडीत गेले असते. मायने ती त्याच दिवशी चुलीत घातली आणि त्यावर भात शिजवला.

पावसाळा संपला. बाबा कॅम्पवर गेले. "पावती?" साहेबांनी विचारलं. पावती कुठे गेली हे सांगायची सोय नव्हती, म्हणून बाबा म्हणाले, हरवली. पावतीशिवाय माल देता येत नाही, असा नियम होता. नियम होताच म्हणा, तो कधी नसतो?

डोंगा मात्र त्यांनी फार जपला. त्यावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकला, खाली चार विटा लावल्या आणि झेंड्याच्या खांबाजवळ उन्हात ठेवला. जप्तीचा माल कोरडा ठेवायचा असतो ना! आमच्याकडे होळी झाली की ढिवर आपला डोंगा तलावात बुडवतो, त्यात दगड भरतो आणि पावसापर्यंत वर काढत नाही, कारण उन्हात लाकूड तडकतं. हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बाबा दर आठवड्याला चालत जायचे. "साहेब, देऊ नका, पण पाण्यात तं ठेवा जी. तडकून राह्यला तो."

"सरकारी ताब्यातला माल पाण्यात बुडवू? माझी नोकरी घालवतोस काय?"

त्या उन्हाळ्यात बाबा तेंदूपत्ता तोडायला गेले. घरी आले की जेवताना डोंग्याबद्दल एक शब्द बोलत नसत. मला त्या साहेबाचा राग यायचा, दादालोकांचा त्याहून जास्त, आणि निमूट जेवणाऱ्या बाबांचा सगळ्यात जास्त.

मग साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांकडे तपासणी येणार होती आणि झेंड्याजवळचं ते लाकूड त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. त्यांनी बाबांना बोलावलं. मी सोबत गेले. डोंग्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत फट पडली होती, माझा हात आरपार जाईल एवढी. बाबांनी तिच्यावर नुसता तळवा फिरवला. साहेबांनी कागद पुढे केला: "माल सुस्थितीत परत मिळाला. काही तक्रार नाही."

"का लिवलं आहे?" बाबांनी मला विचारलं.

साहेब माझ्याकडे बघत होते. खरं वाचलं तर बाबा अंगठा देणार नाहीत, हे मला माहीत होतं. मग डोंगा तिथेच राहिला असता.

"डोंगा परत भेटला म्हणून लिवलं आहे," मी म्हटलं.

बाबांनी अंगठा दिला. गावातल्या चौघांच्या खांद्यावर देऊन आम्ही तो गावात आणला. बाबांनी घरात पाऊलही न टाकता तो तलावात बुडवला, त्यात दगड भरले.

"पाणी पिऊन लाकूड फुगते," ते म्हणाले. "बुजते फट. दिवारीलोक बुजते."

मी हो म्हटलं. त्या दिवशीचं माझं ते दुसरं खोटं. दिवाळीपर्यंत बाबा रोज सकाळी छातीभर पाण्यात उतरून ती फट बोटांनी चाचपून यायचे, आणि मी काठावर त्यांचा कोरडा पंचा धरून उभी राहायचे.