मावशींचा शेरा

रुग्णालयाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या पलीकडे, एक लांबट खोली आहे. फाटक्या चादरी, उसवलेले अभ्रे, नाड्या तुटलेले झगे तिथे येतात. मावशी सव्वीस वर्षं तिथल्या शिवणयंत्रावर बसल्या आहेत. त्यांच्याहून वयाने मोठा असलेला इस्त्रीवालाही त्यांना मावशीच म्हणतो. रविवारी त्यांच्याकडे आणखी एक काम असतं: आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळाच्या बाजूच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट सांभाळायचं.

हे कपाट सुरू झालं तेही दुखण्यातूनच. मावशींचे यजमान तीन वर्षं अंथरुणावर होते. भेटायला येणारा जो तो एक पुस्तक ठेवून जायचा. ‘विश्वास ठेवा आणि मिळवा’, ‘देवाला तुमचं यश हवं आहे’ अशा वळणाची ती पुस्तकं. मावशी उशाशी बसून एकूण एक वाचायच्या. यजमान गेले, पुस्तकं मात्र परत न्यायला कुणी आलं नाही. घरात ती डोळ्यांसमोर नकोत म्हणून मावशींनी ती देवळात आणून ठेवली, आणि किल्ली त्यांच्याच गळ्यात पडली.

तेव्हापासून आम्ही मंडळीतले लोक पुस्तक नेण्याआधी विचारायचो, “मावशी, हे कसं आहे?” त्या चष्मा कपाळावर सरकवून एका वाक्यात निकाल द्यायच्या. “ह्यातला देव कचेरीतल्या साहेबासारखा आहे, अर्ज नीट भरला की मंजूर.” “ह्याची पहिली चाळीस पानं वाचा, पुढे तेच पाणी घालून वाढवलंय.” एक बारीकसं पुस्तक मात्र त्या आपणहून हातात द्यायच्या. आंधळ्या आईला वीस वर्षं सांभाळणाऱ्या एका बाईने लिहिलेलं. “हिची एकही प्रार्थना ऐकली गेली नाही,” मावशी म्हणायच्या, “तरी रोज करत राहिली. का, ते तिलाही सांगता आलेलं नाही. म्हणून वाचा.” ते कुणी फारसं नेत नसे.

गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या दिरांना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी रोज रुग्णालयात व्यायामाला यायला सांगितलं. महिनाभर ते गेले. मग एका रविवारी कपाटासमोर येऊन म्हणाले, “वहिनी, काहीतरी उमेद देणारं द्या.” मावशी दमलेल्या होत्या, मागे चारजण उभे होते. त्यांनी एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. त्या दिवशी शेरा दिला नाही.

तीन आठवड्यांनी जाऊबाईंनी तळघरात निरोप पाठवला: हे व्यायामाला जात नाहीत, गोळ्याही बंद केल्यात, तुम्हीच या.

मावशी कामावरून तशाच गेल्या. दीर खिडकीपाशी बसले होते, हात मांडीवर, एखादी वस्तू ठेवावी तसा.

“वहिनी, हात बरा झालाच आहे. दिसायला तेवढा वेळ लागतोय.”

“असं कोण म्हणालं?”

“पुस्तकात आहे. व्यायामाला गेलो म्हणजे हात गेलाय हे मीच कबूल केल्यासारखं. ती शंका झाली. शंका आली की बरं होणं अडतं.”

मावशींनी पुस्तक मागितलं. आपल्याच हाताने दिलेलं, देवळाचा शिक्का असलेलं. पानोपानी दिरांनी डाव्या हाताने वाकड्यातिकड्या रेघा मारल्या होत्या. त्या बघून मावशींना बसवेना. त्यांनी पुस्तक उलटं केलं. मागे लेखकाचा फोटो होता.

“भाऊजी, ह्या फोटोतल्या माणसाला चष्मा आहे.”

“असेल. मग?”

“तीनशे पानं सांगतोय, विश्वासाने सगळं बरं होतं. डोळ्यांचं तेवढं राहूनच गेलं वाटतं.”

स्वयंपाकघरात जाऊबाई फिसकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. दीर हसले नाहीत. मग अगदी हळू म्हणाले, “म्हणजे माझा विश्वास कमी पडला, असं नाही ना?”

“तुमचे भाऊ आजारी होते तेव्हा मीही हेच विचारत होते,” मावशी म्हणाल्या. “तीन वर्षं. मला उत्तर मिळालं नाही, तुम्हाला कुठून देऊ? पण ते शेवटच्या दिवसापर्यंत प्रार्थनाही करत होते आणि गोळीही घेत होते. त्यांना एकात दुसऱ्याची अडचण कधी वाटली नाही.”

दीर रडले. मावशी रडल्या नाहीत. त्यांनी जाऊबाईंना गोळ्यांचा डबा आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून त्या स्वतः दिरांना व्यायामाच्या खोलीत घेऊन गेल्या, आणि पुढे दोन महिने रोज जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन बघून यायच्या. आता हात खांद्यापर्यंत उठतो, त्याच्या वर नाही. शर्टाची बटणं अजून जाऊबाईच लावतात.

हे पाळकसाहेबांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, “असली पुस्तकं काढूनच टाकू या.”

“नको,” मावशी म्हणाल्या. “लोक बाहेरून आणतील. इथे असली म्हणजे कुणी नेली ते तरी कळतं.”

“मग उपासनेनंतर चार शब्द तुम्ही बोला.”

मावशींनी खूप आढेवेढे घेतले, पण बोलल्या. “लवकर उठा, दिलेला शब्द पाळा, दुसऱ्याचं चांगलं झालं तर जळू नका, हे ह्या पुस्तकांत आहे आणि ते बरोबर आहे. त्यासाठी देवाला हमीदार कशाला करायचं? आणि ज्यांचं काहीच जमलं नाही, त्यांच्यासाठी ह्यांत एकही प्रकरण नसतं. मी शोधलंय. माझ्या हातून एकाला चुकीचं पुस्तक गेलं, त्याची मला लाज वाटते.” एवढं बोलून त्या खाली बसल्या.

बाहेर आल्यावर तिघांनी कपाट गाठलं. तिघांनाही तेच जाडजूड पुस्तक हवं होतं. मावशींनी एकेकाकडे पाहिलं, मोठा सुस्कारा टाकला, पहिल्या बाईंचं नाव वहीत लिहिलं आणि विचारलं, “घरात कुणी आजारी आहे का?”

बाईंनी होकारार्थी मान हलवली. मावशींनी दोन्ही पुस्तकं काढली, जाड आणि बारीक, त्यांच्या हातात ठेवली आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली.

“बसा आधी,” म्हणाल्या. “माझेही पाय दुखताहेत. कोण आजारी आहे, ते सांगा.”