पेचकसाला लावलेला कान

मिस्त्री पेचकसाचं टोक फ्रिजला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि रोग सांगायचे. तीस वर्षं त्यांनी याच कानावर भाकरी खाल्ली. कान गेला की मिस्त्री संपला, असं तेच चारचौघांत सांगायचे. मागच्या आठवड्यात डेअरीवाल्या मावशींच्या थंड खोलीलाही त्यांनी असाच कान लावला. पंखा ठणठणीत वाटला, म्हणून गारवा गॅसमुळेच कमी झाला असेल असं धरून त्यांनी गॅस भरून दिला.

आज आतलं सगळं दूध नासलं होतं. मिस्त्रींनी पंख्यावरचं झाकण उघडलं. थंड हवा फेकणारा पंखा ठप्प होता, मागच्या नळ्यांवर बोटभर बर्फ चढला होता. पातं बोटानं ढकललं, तर ते जागचं हलेना.

मावशींचा आवाज मुळातच पत्रा वाजवल्यासारखा. "आठ दिवस हा पंखा मांजराचा गळा दाबल्यासारखा किंचाळत होता. समोरचा न्हावी भांडायला आला. आणि तुम्ही तर कान लावून उभे होतात!"

मिस्त्रींना त्या दिवशी काहीच ऐकू आलं नव्हतं. हल्ली कमी ऐकू येतं, हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्यांनी बर्फ वितळवला, नवी मोटर बसवली आणि बटण दाबलं. पेचकस कानापर्यंत नेला, पण तसाच खिशात ठेवला. मग कागदाचा कपटा फाडून जाळीसमोर धरला. तो फडफडला.

मागं उभ्या मावशी ते बघत होत्या. "मिस्त्री, कधीपासून हो?" त्यांनी पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं.

मिस्त्रींपर्यंत ते पोचलंच नाही; ते फडफडणारा कागद बघत उभे होते.