परदेशातली पोरं खेळत होती तोवर

टेंपोत पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसायला मिळणं हा मान असतो, हे मला दहिवली सोडली त्या सकाळी कळलं. मागे कर्जतच्या गिरणीतल्या तांदळाची पोती, पुढे हुसेनचाचा आणि मी, आणि पायांपाशी माझी पत्र्याची ट्रंक. हुसेनचाचा खालापूरचे. आठवड्यातून एकदा त्यांचा टेंपो तांदूळ घेऊन अंधेरीला जायचा, म्हणून बाबांनी मला त्यांच्या हवाली केलं. आई रडली नाही. ती ट्रंकेला दोरी आवळत होती आणि सगळा राग त्या दोरीवरच काढत होती. बाबा मात्र खिडकीला धरून उभे राहिले. चाचांनी गाडी चालू केली तेव्हा म्हणाले, "कंपनी चालते तवर तू तिकडं र्‍हा. बंद झाली का सरळ घरी ये गं. मंग मला तुज्या आत्याला नाय म्हनता येनार नाय."

दहिवलीत राहिलेल्या मैत्रिणींनो, तुम्हाला हे सांगायला नको. पण अंधेरीच्या हॉस्टेलात माझ्या शेजारच्या कॉटवर आलेल्या, लांबलांबच्या गावच्या मुलींना आत्याचं प्रकरण कधी नीट कळलं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे भावाच्या मुलीवर बहिणीचा हक्क. तिने आपल्या मुलासाठी मागणी घातली की भावाने नाही म्हणायचं नसतं. माझी आत्या बाबांहून मोठी, खालापूरला दिलेली. माझ्या बारशालाच तिने मला पाळण्यातून उचललं आणि "ही माजी सून" म्हणून जाहीर करून टाकलं. तिचा नामदेव माझ्याहून चार वर्षांनी मोठा, शांत, कामसू. त्याच्यात खोट काढायला मी खूप प्रयत्न केला, पण सापडली नाही. मला फक्त त्या घरात जायचं नव्हतं. मी पाळण्यात असताना ठरलेल्या गोष्टीला होकार द्यायला मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि सुनेने नोकरी करायची नाही हेही आत्याने तेव्हापासूनच ठरवलं असावं.

मी मॅट्रिक झाले आणि अंधेरीच्या एका इलेक्ट्रॉनिक कंपनीत मुली घेत होते तिथे लागले. बाबांनी आत्याला सांगितलं, पोरगी कंपनीत लागली आहे, कंपनी चालते तोवर थांब. आत्याने मान्य केलं. तिला वाटलं असेल, अशा कंपन्या किती दिवस चालतात!

आता ही कंपनी काय करायची, तर व्हिडिओ गेम. तेव्हा हा शब्द आमच्याकडे कुणी ऐकला नव्हता. टीव्हीला जोडायचा एक डबा, त्याला वायरीने लावलेले दोन दांडे, आणि वर खोबणीत घालायची कॅसेट. दांडा हलवला की पडद्यावरचं विमान हलतं. हा सगळा माल अमेरिकेला जायचा. दहिवलीत तेव्हा एकाच घरी टीव्ही होता, काळापांढरा, आणि त्याच्यापुढे बसायला चपला बाहेर काढून आत जावं लागे. थोडक्यात, अमेरिकेतली पोरं खेळत होती तोवर मी सुटलेली होते. त्यांनी दांडा खाली ठेवला की माझी वरात खालापूरला. हे मला पहिल्या महिन्यातच लख्ख समजलं, आणि त्या न पाहिलेल्या पोरांवर माझा इतका जीव जडला की काही विचारू नका.

पहिलं वर्षभर मी सोल्डरिंगला होते, म्हणजे वितळलेल्या कथलाच्या थेंबाने डब्यातल्या बोर्डावर बारीक भाग जोडायचे. तीन परदेशी कंपन्यांचा माल आमच्याकडे यायचा. त्यांची नावं मी घालत नाही, आम्हीही कधी घेत नसू. आम्ही त्यांना डब्यांवरून ओळखायचो: लाल, काळी आणि लाकडी. लाकडी म्हणजे प्लास्टिकवरच लाकडासारखी नक्षी. लालवाल्यांचा बोर्ड ऐसपैस, सोल्डर करायला जागा मोकळी. काळीवाल्यांनी सगळं असं खेटून बसवलेलं की एका जोडाचा थेंब दुसऱ्याला जाऊन चिकटे आणि शिव्या आम्हाला बसत. त्यामुळे आम्हा सगळ्यांचं एकमत होतं की लाल कंपनी सज्जन आणि काळी कंजूस. खेळ कसा आहे हे आमच्यातल्या एकीनेही पाहिलेलं नव्हतं, पण मतं एवढी ठाम की जेवणाच्या सुट्टीत त्यावर बोलता बोलता हातातली पोळी तशीच राहायची.

मग मला टेस्टिंगला टाकलं. टेस्टिंग म्हणजे तयार झालेला प्रत्येक डबा टीव्हीला लावायचा आणि खेळून बघायचा. टीव्हीसुद्धा तिकडचेच आणलेले, रंगीत. दांडा चारी बाजूंना फिरतो का, बटण दाबलं की गोळी सुटते का, रंग फुटत नाही ना. आमच्या सुपरवायझर डिसूझा मॅडम सकाळी येऊन सांगायच्या, "पोरींनो, खेळा, पण मजा नका करू." तेरा वर्षांची झाले तेव्हा आईने मला लंगडीतून ओढून घरात आणलं होतं आणि म्हणाली होती, "खेळायचं वय सरलं गं तुजं." आणि आता मला खेळायचाच पगार! हे आईला सांगितलं तर तिला पटेना. "खेळायचा कुनी पगार देतं काय? नीट सांग गं, तितं भांडी बिंडी घासायला तर नाय ना लावत?"

मजा पहिले आठ दिवस आली. नंतर अंगठ्याला घट्टा पडला आणि डोळे मिटले तरी ठिपके पळायचे. पण त्या खेळांबद्दल माझी मतं झाली ती तिथे, आणि ती आजही बदललेली नाहीत. आता कर्जत स्टेशनजवळ गेम पार्लर निघालंय. मी सुट्टीला आले की कुणीतरी विचारतंच, हे चांगलं की वाईट? पोरं बिघडतील का? मी सांगते, पोरं बिघडत नाहीत, धंदा बिघडतो. ज्याने पहिल्यांदा दोन दांड्या आणि एक चेंडू पडद्यावर आणला त्याने खरंच काहीतरी केलं. शेजारी दुसरं माणूस बसून खेळेल अशी जागा त्याने ठेवली होती. पुढच्यांनी प्रत्येकाने आपली खोबणी दोन सूत इकडेतिकडे केली, मुद्दाम, म्हणजे एकाची कॅसेट दुसऱ्याच्या डब्यात जाणार नाही. बल्बवाल्यांनी असं केलं असतं तर आपण अजून कंदिलातच असतो. आणि या सगळ्याला ते प्रगती म्हणायचे. मालाच्या खोक्यांवर रॉकेटं छापलेली असायची, आत मात्र तीन चौकोन आणि एक ठिपका. आता कॉम्प्युटरवाल्यांची खोकी येतात, त्यांच्यावरही रॉकेट असतं. मी आधी खोबणी बघते.

लाल कंपनी सज्जन म्हणून मी सगळ्यांना सांगत फिरले होते. सगळ्यात आधी तीच बुडाली.

त्याच्या आधीपासूनच मला वास लागला होता. नव्या म्हणून ज्या कॅसेटी येत होत्या त्यांत नवीन काही नव्हतं. एका खेळात विमान ढगांतून जायचं. चार महिन्यांनी दुसरा आला, त्यात विमानाच्या जागी मासा आणि ढगांच्या जागी शेवाळ. बाकी सगळं तेच, गोळ्यासुद्धा. मासा गोळ्या मारत होता! मी मॅडमना म्हटलं, "हे पोरांना कळेल हो." त्या म्हणाल्या, "तुला काय करायचंय? दांडा फिरतो ना चारी बाजूंना?" दांडा फिरत होता. मलाच कंटाळा आला होता, आणि मला कळत होतं की तिकडे समुद्रापार कुणीतरी दहा वर्षांचं पोर अगदी असंच जांभई देतंय. कामावर जाताना वाटेत एक गणपती लागायचा. बाकीच्या मुली त्याच्यापुढे काय मागत ते त्यांना ठाऊक. मी मागायची, देवा, त्यांना एक तरी चांगला खेळ सुचू दे.

त्यात दर आठवड्याला हुसेनचाचा. तांदूळ उतरवून झाला की ते हॉस्टेलच्या फाटकाशी आईने दिलेलं काहीतरी घेऊन यायचे, कधी कुरडया, कधी वालाच्या शेंगा, आणि जाताना न चुकता म्हणायचे, "तुझ्या बाबाने विचारलंय, पोरं खेळतात ना अजून?" मला ते ऐकलं की चीड यायची. वाटायचं, बाबांना एवढी घाई झाली आहे? कंपनी कधी बुडते आणि बहिणीचं तोंड कधी गोड करतो, असं झालंय यांना? मी चाचांना सांगायची, "सांगा त्यांना, खेळतात. जोरात खेळतात."

मग एका महिन्यात सगळं आटोपलं. माल जायचा थांबला, आधी गेलेला परत आला, खोकी जिन्यापर्यंत रचली. लाइनी बंद झाल्या आणि निम्म्याहून जास्त मुली घरी गेल्या. हॉस्टेलात रोज कुणीतरी ट्रंक बांधत होतं. पुढे मालकांना टेलिफोनचे बोर्ड करायचं काम मिळालं आणि आम्हा थोड्या जणींना त्यांनी ठेवून घेतलं, पण किती दिवसांसाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्या आठवड्यात चाचांनी विचारलं तेव्हा मी आईची पिशवी रिकामी करून त्यांच्या हातात दिली आणि आत निघून गेले, आणि पुढच्या खेपेला टेंपोतून चाचांबरोबर बाबा उतरले. धुतलेलं धोतर, नवी टोपी. न्यायला आले होते.

कंपनीसमोर चहाची टपरी होती तिथे आम्ही बसलो. बाबांनी बशीत चहा ओतला आणि तसाच ठेवला.

"बंद झाली म्हनं कंपनी."

"खेळाची झाली. टेलिफोनची चालू झालीय. मला ठेवलंय त्यात."

"म्हंजे बंद का चालू?"

चालू, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. ते खोटंही नव्हतं. पण मला एकदम थकल्यासारखं झालं. आज टेलिफोन, उद्या तो बंद पडेल, मग आणखी काही. कुठल्यातरी देशातली माणसं कशाला तरी कंटाळतील आणि मी इथे देवापुढे उभी राहणार. किती वर्षं? मी बोलले, आणि बोलताना मुंबईत कमावलेली भाषा कुठल्या कुठे गेली.

"बाबा, मला आत्याच्या घरात नाय जायाचं. कंपनी चालू दे नायतर बुडू दे."

बाबांनी बशी उचलली, चहा एका दमात प्याले, आणि माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर मला समजलं असतं. ते हसत होते.

"मंग ह्ये आदी नाय सांगायचं गं? तुला नाय जायाचं ह्ये मला दिसत व्हतं. पन तू तोंड उघडत नव्हतीस, आनि आक्काला मी कुनाच्या जोरावर नाय म्हनू? म्हनून कंपनी पुढं केली. दर आठवड्याला या हुसेनभायच्या मागं लागत व्हतो, इचार रं, पोरं खेळतात का. नाय खेळली तर माझी पोर अडकंल, म्हनून जीव वरखाली."

दहिवलीच्या ओटीवर एक माणूस, ज्याने व्हिडिओ गेम कधी डोळ्यांनी पाहिला नाही, तो माझ्यासारखाच त्या परक्या पोरांची आळवणी करत होता, आणि आम्ही दोघंही एकमेकांना त्याचा पत्ता लागू देत नव्हतो. मी टपरीवर सगळ्यांसमोर हसायला लागले आणि मग रडले. चाचा टेंपोतून हॉर्न वाजवत होते. बाबा उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आता तू बोललीस. आता मी बोलतो आक्काशी." आणि ज्या टेंपोतून मला न्यायला आले होते त्यातून एकटेच परत गेले.

आत्याशी बोलणं सोपं गेलं नाही. ती दोन वर्षं आमच्या दारात आली नाही आणि ते बाबांना फार लागलं. नामदेवाचं लग्न पुढच्याच हंगामात झालं, सुखाने चाललंय. त्याची बायको रसायनीच्या कारखान्यात नोकरी करते, आणि आत्या तिच्या डब्याला भाकरी करून देते असं ऐकते. मीही नंतर लग्न केलं, माझ्या मनाने. नवरा सोलापूरचा. बाबांनी त्याला पहिला प्रश्न केला, "तुमची कंपनी चालते ना?" त्याला अजून कळलेलं नाही की आम्ही सगळे एवढे का हसलो.

पण मला सांगायचंय ते बाबा एकटे परत गेले त्या आठवड्याबद्दल. त्याआधी मी घरी जायची ती सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आपण घरात असताना आत्या नारळ-सुपारी घेऊन दारात उभी राहील, ही धास्ती. आई आग्रह करायची, मी काहीतरी कारण सांगून पळायची. त्या शनिवारी मी गेले आणि राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून जरा आडवी झाले ती दिवेलागणीलाच उठले. आई उशाशी बसून तांदूळ निवडत होती. "काय गं," ती म्हणाली, "मुंबईला झोपायला देत नाय काय तुला?"

मुंबईत झोपायला देत होते. या घरातच मला इतकी वर्षं डोळे मिटायची भीती वाटत होती, आणि ती गेली होती. मी कूस बदलली आणि म्हटलं, "आय, अजून जरा पडू दे. उद्या कामावर जायाचंय."